सांगायची सोय

एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी १४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधीच तिचं बोलणं सुरू व्हायचं. आता खोलीचं दार बंद असतं, आणि काही विचारलं की ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं. मार्क पूर्वीसारखेच चांगले आहेत. रात्री उशिरापर्यंत जागते, सकाळी उठवता उठत नाही, धाकट्या भावावर उगाच खेकसते. आईचं म्हणणं, वयच तसं आहे, तिच्या मागे लागू नका. वडिलांना मात्र चैन पडेना. एका रात्री ती झोपल्यावर त्यांनी तिचा फोन उघडला. मैत्रिणीला पाठवलेला एक मेसेज समोर आला: ‘घरी काही सांगायची सोय नाही. बाबा लगेच उपाय सुरू करतात आणि आई रडते.’ पुढचं वाचायचं धाडस झालं नाही. आता त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फोन पाहिल्याचं तिला सांगावं का? समुपदेशकाकडे न्यावं का? आणि ती पूर्वीसारखी बोलू लागावी म्हणून काय करावं?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मेसेजपाशी थांबले. तुम्हाला तो जिव्हारी लागला आहे. ‘तिच्यासाठी एवढं करून हे ऐकायची वेळ आली’ असं तुम्ही लिहिलंय. पण जरा पुन्हा वाचा. ‘घरी काही सांगायचंच नाही’ असं तिनं लिहिलेलं नाही. ‘सोय नाही’ असं लिहिलंय. सोय नाही असं माणूस कधी म्हणतो? बसायचं असतं आणि जागा नसते तेव्हा. म्हणजे तिला बोलायचं आहे. आणि अडचण नेमकी कुठे आहे तेही तिनं दोन छोट्या वाक्यांत सांगून टाकलंय. तिच्या वयाची बरीच मुलं एवढंही नेमकं सांगू शकत नाहीत. खरं तर मोठी माणसंही नाहीत.

तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्यातच अडकलेले आहेत. ‘पूर्वी सगळं सांगायची’ असं जवळजवळ प्रत्येक पालक म्हणतो. मीही माझ्या मुलाबद्दल म्हणत असे. एकदा तो म्हणाला, ‘सगळं नाही गं, तुला आवडेल तेवढं सांगायचो.’ त्यानंतर मी ते म्हणणं सोडलं. नऊ-दहा वर्षांचं मूल जे सांगतं ते सांगायला स्वस्त असतं. कोण पडलं, कोण रडलं, बाईंनी कुणाला उभं केलं. चौदाव्या वर्षी मनात जे चालतं ते तसं नसतं. मैत्रिणींच्या गटातून आपल्याला हळूच बाजूला काढलं जातंय का, आपलं शरीर असं का दिसतंय, कुणाबद्दल काय वाटतंय आणि ते वाटणं बरोबर आहे की नाही, आपण खरंच हुशार आहोत की नुसते मार्क मिळतात. यातलं काहीही मोठ्याने बोलायचं म्हणजे आधी स्वतःला कळायला हवं. ते तिला अजून नीट कळलेलं नसतं. अशा वेळी ‘काय झालंय?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर आहे. झालेलं काहीच नाही, होत मात्र बरंच काही आहे.

तेव्हा ती पूर्वीसारखी बोलणार नाही. तशी बोलावी अशी अपेक्षाही धरू नका. काही गोष्टी स्वतःपाशी ठेवता येणं हे या वयातलं कामच आहे. दार लावून घेणं आणि आपल्याला घराबाहेर काढणं या दोन गोष्टींत फरक आहे, हे आपल्याला पटायला वेळ लागतो इतकंच.

आता सांगण्याची किंमत पाहू. तुमच्या घरी तिनं एखादी गोष्ट सांगितली की काय होतं, ते तिच्या जागेवरून बघा. समजा ती म्हणाली, ‘आज डबा खाताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.’ तुम्ही लगेच विचारणार, का नाही बसलं? तू काही बोललीस का? मी बाईंशी बोलू का? त्या मैत्रिणीच्या आईला फोन करू? आई ओढणी डोळ्यांना लावणार. पुढचे आठ दिवस रोज विचारणा, ‘आज कोण बसलं होतं?’ वाक्य एक, आणि त्यापायी केवढा व्याप! शिवाय बाबांची धडपड आणि आईचं रडणं या दोन्ही गोष्टी आपल्यामुळे झाल्या हे ओझं वेगळंच. त्यापेक्षा ‘काही नाही’ म्हणणं परवडतं. मुलं गप्प होतात तेव्हा बऱ्याचदा त्यांनी हा हिशेब करून पाहिलेला असतो.

तुम्ही उपाय सांगता ते प्रेमापोटीच, याबद्दल मला शंका नाही. तिलाही नसावी. पण ऐकता ऐकता उपाय सुरू झाला की सांगणाऱ्याला वाटतं, याला माझं दुखणं ऐकवत नाही, ते संपवायची घाई आहे. एक साधं वाक्य पाठ करून ठेवा: ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ सुरुवातीला ती बहुधा ‘नुसतं ऐका’ म्हणेल. मग खरंच नुसतं ऐका. हे दिसतं तितकं सोपं नाही. जीभ शिवशिवते. ‘मग तू काय केलंस?’, ‘अरेरे, बेकार वाटलं असेल’, ‘हं’ एवढ्यावर भागवा. आणि दुसऱ्या दिवशी त्या विषयाची चौकशी करू नका. करायचीच असेल तर एकदाच, ‘कालचं डोक्यात आहे का अजून?’ अशी, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर तिथेच सोडून द्या.

बोलायला बसू या, म्हणून मुलांना समोर बसवूही नका. समोरासमोर बसलं की चौकशी समितीच बसल्यासारखं वाटतं. शेजारी शेजारी असताना, म्हणजे चालताना, गाडीत, भांडी पुसताना, कपड्यांच्या घड्या घालताना, नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि शब्द सुटतात. कधी कधी रात्री दिवा बंद केल्यावर दारात उभं राहून दोन वाक्यं होतात, तीही मोलाची. तुम्ही दमलेले असाल, उद्या लवकर उठायचं असेल, तरी त्या वेळी ‘उद्या बोलू’ म्हणू नका. उद्या ते येत नाही.

आईच्या रडण्याबद्दल जपून लिहिते, कारण पत्र तुमचं आहे आणि त्या स्वतःची बाजू मांडायला इथे नाहीत. रडणं चूक नाही. मुलांसमोर कधीच डोळ्यांत पाणी येऊ नये असा नियम केला तर घरं ओसाड होतील. पण मूल सांगतंय आणि आई रडतेय असं दर वेळी झालं की शेवटी मूलच आईला समजावत बसतं आणि त्याचं दुखणं मागे पडतं. त्यांनी एकदा तिला एवढं म्हणावं: ‘मला पटकन रडू येतं, ते माझं मी बघेन. तू सांगितलंस ते बरं केलंस.’ आणि त्यांना स्वतःला रडायला, बोलायला कुणीतरी हवं. ते तुम्ही आहात का, हा प्रश्न रागावू नका, पण विचारते. कारण उपायांची सवय माणूस एकाच खोलीपुरती ठेवत नाही.

आता फोन. पालकांना वाटतं, माहिती काढली की मूल सुरक्षित राहील. याबद्दल एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधली १४ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांची पाहणी केली आणि २००० साली ती प्रसिद्ध केली. मुलं कुठे जातात, काय करतात हे ज्या पालकांना चांगलं ठाऊक होतं, त्यांना ते कसं ठाऊक होतं, हा प्रश्न होता. पाळत, नियम आणि उलटतपासणी यांतून फारसं नाही. मुलं आपणहून सांगत होती म्हणून. तेव्हा लक्ष ठेवणाऱ्या पालकांची मुलं सुखरूप असतात असं जे आपण मानत आलो, त्यात पालकांच्या लक्षापेक्षा मुलांच्या सांगण्याचा वाटा मोठा निघाला. चोरून फोन पाहण्यानं नेमकं हे सांगणंच आटतं. ज्या एका झऱ्यातून पाणी येतं त्यावरच आपण दगड ठेवतो.

तिला सांगावं का? माझं मत, हो. मुलांच्या हक्कांच्या १९८९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, १६व्या कलमात, मुलांच्या खासगीपणाचा आणि पत्रव्यवहाराचा उल्लेख आहे, पण मी कलमं दाखवायला बसलेले नाही. कारण साधं आहे: तुम्ही ते वाक्य वाचलंय आणि आता तुमचं वागणं बदलणार. चौदा वर्षांच्या मुलीला तो बदल कुठून आला हे कळायला चार दिवस लागणार नाहीत. तिनं स्वतः शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. थोडक्यात सांगा. ‘परवा रात्री मी तुझा फोन उघडला. काळजी वाटत होती, पण तसं करायला नको होतं. मी एक मेसेज वाचला, पुढे वाचलं नाही. पुन्हा न विचारता उघडणार नाही.’ ‘पण तूच बोलत नाहीस ना’ हे शेपूट लावू नका. माफीनंतर ‘पण’ आला की ती माफी राहत नाही. मेसेजमधलं वाक्य तिच्या तोंडावर फेकू नका, आणि त्या मैत्रिणीचा विषय तर मुळीच काढू नका.

ती चिडेल. दार आपटेल, चार दिवस बोलणारही नाही. ते चार दिवस निमूट सोसा. ‘मी माफी मागितली ना, आता पुरे’ असं म्हणायचा मोह होईल. राग किती दिवस धरायचा हे ज्याचं मन दुखावलं त्याला ठरवू द्या.

अपवाद आहे. जिवाला धोका आहे, कुणी मोठं माणूस तिला फसवून जाळ्यात ओढतंय, कुणी धमकावतंय अशी ठोस शंका असेल, तर खासगीपणापेक्षा सुरक्षितता आधी. तेव्हाही शक्यतो तिला सांगून, तिच्या समोर. तुम्ही लिहिलंय त्यात असं काही दिसत नाही.

राहिला समुपदेशकाचा प्रश्न. तुम्ही म्हणता न्यावं, आई म्हणते वय आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. उदाहरण झोपेचं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री एक-दोन तास उशिरा वाढू लागतं, म्हणून दहा वाजता अंथरुणावर ढकललं तरी डोळा लागत नाही. आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना झोप तर ८ ते १० तास हवी असते. शाळा सकाळची असली की हा हिशेब जमत नाही. यात आळस नाही आणि आजारही नाही. फोन रात्री खोलीबाहेर ठेवण्यानं थोडा फरक पडतो, मात्र तो नियम घरातल्या सगळ्यांना लागू हवा. बाबांचा फोन उशाशी आणि तिचा बाहेर, हे चालणार नाही.

पण ‘वय आहे’ म्हणून सगळंच सोडूनही देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १० ते १९ या वयातल्या साधारण सातपैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो, आणि मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्म्यांची सुरुवात १४ वर्षांपर्यंत झालेली असते. मुलांचं नैराश्य दर वेळी उदास चेहरा घेऊन येत नाही. बरेचदा ते चिडचिडीच्या रूपात येतं, भावावर खेकसण्यात, ‘मला एकटं सोडा’ म्हणण्यात. आणि तुम्ही पत्रात दोनदा लिहिलेलं ‘मार्क चांगले आहेत’ हे फारसं उपयोगाचं नाही. आतून कोसळत असताना मार्क टिकवून ठेवणारी मुलं असतात. घरच्यांनी काळजी करू नये म्हणूनच ती ते टिकवतात.

मग ओळखायचं कसं? एखाद्या वाईट दिवसावरून नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस एकच सूर लागलेला आहे का, हे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ पासून वापरात असलेली एक पाच वाक्यांची प्रश्नावली आहे. तिची गंमत अशी की ती दुःखाबद्दल काहीच विचारत नाही. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदात होते का, शांत आणि निवांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, उठताना ताजंतवानं वाटलं का, आणि रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. ही प्रश्नावली घेऊन तिच्या दारावर जाऊ नका, कृपा करून! तुमच्या नजरेसाठी सांगतेय. आपण ‘काय बिघडलंय’ एवढंच शोधत राहतो. ती शेवटची खळखळून कधी हसली, कशात हरवून गेली होती, चित्रं काढायची ती अजून काढते का, याकडे पाहायचं राहून जातं. मैत्रिणीशी बोलताना बंद दाराआडून हसू ऐकू येत असेल तर मला तुमची काळजी पुष्कळ कमी वाटते. आवडीच्या सगळ्याच गोष्टी गळून पडल्या असतील, मित्रमैत्रिणीही तुटल्या असतील, जेवण फार कमी किंवा फार जास्त झालं असेल, सारखं डोकं किंवा पोट दुखत असेल, शाळेला दांड्या सुरू झाल्या असतील, तर वाट पाहू नका. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे एक तपासणी करून घ्या. रक्तातलं लोह कमी असणं किंवा थायरॉइडचा त्रास यांनीही थकवा आणि मरगळ येते.

समुपदेशकाकडे ‘न्यावं का’ हा शब्द मात्र बदला. नेतात ते नादुरुस्त वस्तूला. ‘तुझ्याशी बोलायला आमच्याखेरीज कुणीतरी असावं असं वाटतं, तू बघणार का?’ असं विचारा. दोन-तीन नावं पुढे ठेवा, बाई की पुरुष हे तिला निवडू द्या, एकदा भेटून नाही आवडलं तर बदलायची मुभा द्या. आणि तिथे बोललेलं घरी कळवलं जात नाही, फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, हे त्या समुपदेशकाकडूनच तिच्या कानावर घाला. ती नाहीच म्हणाली तर तुम्ही दोघं जा. गंमत नाही करत. मुलाबद्दल सल्ला घ्यायला मूल सोबत लागतंच असं नाही, आणि ‘बाबा स्वतः गेले’ हे पाहून पुढे मुलं तयार झाल्याचं मी पाहिलंय.

एक परिच्छेद सर्वच वाचकांसाठी. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं बोलणं, आवडत्या वस्तू अचानक वाटून टाकणं, हातावर-मांडीवर कापल्याच्या खुणा आणि त्या झाकायला उकाड्यातही लांब बाह्या, असं काही दिसलं तर आडवळणानं नाही, सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच सुटकारा वाटतो. उत्तर ‘हो’ असेल तर ओरडू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू हाताबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा. आपल्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा. गरज पडते तेव्हा शोधायला हात चालत नाहीत.

हे सदर मुलंही वाचतात, मला त्यांची पत्रं येतात. त्यांना एक युक्ती: बोलायच्या आधी काय हवंय ते सांगा. ‘आई, मला उपाय नकोय, दहा मिनिटं नुसतं ऐक.’ तोंडानं जमत नसेल तर लिहून ठेवा, मेसेज करा, शेजारच्या खोलीतून केलात तरी चालतो. आणि आईबाबांना जमलं नाही तर मावशी, काका, आजोबा, एखादे शिक्षक, जो माणूस ऐकतो त्याला गाठा. एकानं नीट ऐकलं नाही म्हणजे कुणीच ऐकणार नाही असं नसतं.

परत तुमच्याकडे येते. पत्रात तुम्ही त्या मैत्रिणीबद्दल जरा नाराजीनंच लिहिलंय, ‘घरातलं बाहेर सांगते’ म्हणून. मला मात्र ती मैत्रीण आहे याचाच दिलासा वाटला. तुमची मुलगी तोंडाला कुलूप लावून बसलेली नाही, तिला सोय सापडलेली आहे. फक्त ती सोयही चौदाच वर्षांची आहे आणि तिच्यावरही भार पडत असणार. पुढच्या वेळी ती घरी आली तर दार उघडा, नावानं हाक मारून आत बोलवा, आणि काहीही न विचारता दोघींना खोलीत जाऊ द्या.